क्रेसेनाखच्या नगरसभेची हजेरीची नाणी

कोणत्याही सुव्यवस्थित शहराचा कारभार दोन गोष्टींवर चालतो : कारभाऱ्यांनी सभेला हजर असणे, आणि ते हजर होते याचा पुरावा असणे. यातली पहिली गोष्ट नसली तरी निभावते. दुसरी नसेल तर मात्र शहर बुडालेच म्हणून समजा.

मी क्रेसेनाख या स्वतंत्र शहराच्या नगरसभेचा उपलेखनिक. (मुख्य लेखनिक गेली नऊ वर्षे आजारी आहेत. तब्येत उत्तम आहे असे कळते.) आमचे शहर सम्राटांखेरीज कोणाचेही ऐकत नाही, आणि सम्राट फार लांब राहतात. त्यामुळे आमचे कायदे आम्हीच करतो आणि ते किती चांगले आहेत हेही आम्हीच ठरवतो. हजेरीच्या नाण्यांचा कायदा तर इतका चांगला झाला, की त्याची हकीकत लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. पगारात ते बसत नाही, तरीही.

नाणी सुरू होण्याआधीच्या शेवटच्या वर्षाचे आकडे माझ्यासमोर आहेत. सभासद चोवीस, सभा बावन्न, सरासरी हजेरी सव्वापाच. यातला वरचा पाव म्हणजे सभासद श्टॉफल. त्यांचा कातडी कमावण्याचा कारखाना. जाता जाता ते दारातून डोके आत घालीत, "चाललंय ना?" असे विचारीत आणि निघून जात. वास मात्र सभा संपेपर्यंत बसून राही, म्हणून पाव हजेरी. गैरहजेरीची कारणेही रीतसर नोंदलेली आहेत : पाय सुजणे, एकशे बारा वेळा; डुक्कर कापण्याचा दिवस, अडतीस वेळा; आजीचे निधन, एकसष्ट वेळा. एका सभासदाच्या त्या वर्षात सात आज्या गेल्या आणि सभेने प्रत्येकीला स्वतंत्र श्रद्धांजली वाहिली.

अखेर सभेने (म्हणजे पाच जणांनी आणि एका वासाने) ठराव केला, की घंटा थांबण्यापूर्वी जो सभासद जागेवर बसेल त्याला चांदीचे एक छोटे नाणे देण्यात यावे. नगरभवनाच्या तळघरात ते दाखवले की एक माप वाइन मिळावी. तळघरवाल्याने लगेच कात्रीने नाण्याची कड कातरावी, म्हणजे प्यालेले नाणे पुन्हा हजर राहणार नाही.

नाणे करंगळीच्या नखाहून थोडे मोठे. पातळ इतके, की शिंक आली तर आधी मूठ मिटावी लागते. छाप एकाच बाजूला, आणि तो आमच्या शहराचा, म्हणजे तोंड उघडलेला मासा. हे सभासदांचे चित्र नाही, असा खुलासा सभेने एकमताने केलेला आहे.

परिणाम विलक्षण झाला. पुढच्याच आठवड्यात हजेरी चोवीस. एकशे बारा सुजलेले पाय एका रात्रीत उतरले, तेव्हा शहराच्या वैद्याने आपला धंदा बसल्याची लेखी तक्रार केली. आज्याही मरायच्या थांबल्या. लोककल्याणाची तळमळ एवढी वाढली, की आठवड्याची सभा दोन महिन्यांत रोजची झाली. फक्त रविवारी सुट्टी. त्या दिवशी सभासद देवळात बसत आणि तिथे काहीच मिळत नाही याबद्दल एकमेकांकडे हळहळत.

सभा किती वेळ चालावी याचाही नियम झाला. टेबलावर वाळूचे घड्याळ ठेवायचे, वाळू संपली की सभा संपली. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय कायमचा ठरलेला : हजेरीच्या नाण्यांसाठी चांदी कुठून आणावी. विषय गहन आहे. चोवीस जण बोलले, बोललेल्याला दुजोरा दिला, आणि घड्याळावर लक्ष ठेवणाऱ्या सभासदाने दोनदा "हळू पडतेय हो आज वाळू" म्हटले, की बरोबर वेळ संपतो. दुसऱ्या विषयाला हात घालायची पाळी आली नाही. कामाचा इतका अचूक अंदाज मी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत पाहिलेला नाही.

आता चौदाव्या नियमाकडे वळतो, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे झाले.

झाले असे, की एके दिवशी सभासद श्टॉफल शेगडीमागे झोपलेले होते आणि नाणी वाटणाऱ्या शिपायाला ते दिसले नाहीत. (वास आला होता, पण त्याला तो ओळखीचा वाटला.) त्याच दिवशी दुसरे एक सभासद खरोखर मासे पकडायला गेलेले असताना त्यांचे नाणे त्यांच्या मेव्हण्याने घेतले. भांडण पेटले. खरा हजर कोण? जो होता तो, की ज्याचे नाणे घेतले गेले तो? अकरा सभा यावर खर्ची पडल्या. शेवटी नगराध्यक्ष आइटेल यांनी आपल्या भारदस्त आवाजात निकाल दिला, तोच चौदावा नियम : 'माणसाचे शरीर फसवे असते. आज आहे, उद्या नाही. चांदी फसवत नाही. सबब, मत देताना ज्याच्या वर केलेल्या हातात कड न कातरलेले हजेरीचे नाणे असेल तो हजर. ज्याच्या हातात नसेल तो, समोर बसलेला दिसत असला तरी, गैरहजर.'

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. नियम खरोखरच सुंदर होता.

ही नाणी पाडत असे झाइनर नावाचा कारागीर. चांदीची पट्टी ठोकून पातळ करायची, कात्रीने गोल कापायचे, ठशावर ठेवून एक घाव. तो घाव बसला की मासा उमटे. दोन वर्षांमागे संत मार्टिनच्या सणाला त्याने भाजलेले हंस नको तेवढे खाल्ले आणि तो वारला. मागे राहिली त्याची बायको वालबुर्गा आणि कारखाना. खरे सांगायचे तर शेवटची सहा वर्षे झाइनरच्या हाताला कंप होता आणि मासे वालबुर्गाच पाडत होती. हे सगळ्या शहराला माहीत होते, म्हणून कोणी त्याची नोंद केली नव्हती.

कारागीर-संघाचा नियम असा : विधवेने नवऱ्याचा कारखाना एक वर्ष आणि एक दिवस चालवावा. त्यानंतर नगरसभेने परवानगी दिली तर ठीक. नाहीतर संघातल्या एखाद्या कारागिराशी लग्न करावे, किंवा हातोडा टांगून दाराला कुलूप लावावे. संघाने तिच्यासाठी एक उमेदवारही सुचवला होता, फाइट नावाचा. त्याने तीन बायका पुरल्या होत्या आणि चौथीसाठी त्याच्याकडे कपडे तयार होते. वालबुर्गा म्हणाली, "कपडे त्यालाच घालायला सांगा." आणि तिसऱ्या दिवशी तिने सभेकडे अर्ज दिला. कारखाना गेला असता तर तिच्याकडे दुसरे काही उरले नसते. हातोड्याखेरीज तिला काही येत नव्हते आणि शिकायची तिची इच्छाही नव्हती.

अर्ज मीच लिहून दिला आणि त्याच दिवशी विषयपत्रिकेवर घेतला. विषय क्रमांक दोन.

रोज सकाळी वालबुर्गा कातडी पिशवीत चोवीस नाणी घालून नगरभवनाच्या दारात येई, पिशवी माझ्या हातात देई आणि विचारी, "टोबियासराव, माझा अर्ज?"

"आहे बाई, विषयपत्रिकेवर."

"कितवा?"

"दुसरा."

"कालही दुसराच होता."

"म्हणजे बघा, जागा टिकवून आहे. खाली घसरला नाही."

"वर कधी चढणार?"

"वर चांदी आहे, बाई. चांदीच्या वर कोणाला कसं बसवायचं?"

ती माझ्याकडे बघे. त्या बघण्याने मला दिवसभर मान अवघडल्यासारखी होई, पण अवघडलेल्या मानेची नोंद करायला रकाना नाही. एकदा तिने नगराध्यक्षांनाच जिन्यात गाठले. ते म्हणाले, "बाई, तुमचा विषय आमच्या अगदी मनात आहे." ती म्हणाली, "मनातून जरा टेबलावर काढा की." त्यावर ते दिलखुलास हसले आणि नाणे घ्यायला वर गेले.

एक वर्ष आणि एक दिवस यांत, रविवार वजा जाता, तीनशे तेरा सभा झाल्या. तिने सात हजार पाचशे बारा मासे पाडले. त्यांतला एकही तिने स्वतःजवळ ठेवला नाही. मला हे तेव्हाच बोलायला हवे होते, आता लिहितो आहे.

मुदत संपली गुरुवारी. शुक्रवारी सकाळी घंटा झाली, चोवीस सभासद गादीच्या खुर्च्यांवर बसले, पण पिशवी आली नाही.

"हजेरी घ्या," नगराध्यक्ष म्हणाले.

मी मोजले. "कोणीच हजर नाही, अध्यक्षमहाराज."

"मग मी कोण आहे?"

"आपण नियम चौदाप्रमाणे गैरहजर आहात. फार स्पष्ट दिसत आहात, पण गैरहजर."

शिपाई पाठवून वालबुर्गाला बोलावले. ती दारात उभी राहिली. बाह्या वर सारलेल्या नव्हत्या, हात स्वच्छ होते. असे स्वच्छ हात मी तिचे पहिल्यांदाच पाहिले. "हातोडा टांगला," ती म्हणाली. "नियम आहे ना."

"अहो बाई, एवढंच ना? परवानगी दिली तुम्हाला! आत्ता दिली!" नगराध्यक्षांनी हात वर केला. तेवीस हात त्यांच्यामागे वर गेले. इतके कळकळीचे मतदान आमच्या सभागृहाने कधी पाहिले नसेल.

मला खाकरावे लागले. "सगळे हात रिकामे आहेत, महाराज. ठराव शून्य विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला गेला."

"मग तो चौदावा नियमच रद्द करू!"

"त्यालाही कोणीतरी हजर हवं."

"शेजारच्या शहरातून नाणी पाडून आणा!"

"त्याला ठराव लागेल."

श्टॉफल म्हणाले, "म्हणजे आज तळघर नाही?" आणि परिस्थितीचे गांभीर्य सगळ्यांना एकदम उमगले.

पुढचे अकरा दिवस क्रेसेनाखला नगरसभा नव्हती. या काळातले आकडे मी कर्तव्य म्हणून देतो, त्यातून कोणी काही अर्थ काढू नये. नवे कर : शून्य. पावाचे वजन : होते तेवढेच. बाजारातली भांडणे : निम्मी. पुलावरची सैल फळी, जिच्यासाठी समिती नेमायची होती, एका न्हाव्याने दोन खिळे ठोकून बसवली. (त्याच्यावर कारवाई करता आली नाही, कारण कारवाई करायला कोणी हजर नव्हते.) सभासद रोज येत, वाळू संपेपर्यंत बसत, आणि रिकाम्या हातांनी घरी जात. चौघांचे पाय पुन्हा सुजले. एकाची आजी गेली.

अकराव्या दिवशी वालबुर्गा माझ्या खोलीत आली आणि समोरच्या बाकावर बसली.

"टोबियासराव, तो चौदावा नियम वाचा बरं एकदा."

मी वाचला.

"त्यात असं कुठे म्हटलंय, की नाणं धरणारा त्या चोवीसांतलाच हवा?"

मी पुन्हा वाचला. मग प्रकाशात धरून वाचला. "नाही म्हटलेलं. तेव्हा ते लिहायची गरज कोणाला वाटली असती?"

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माणसाने रोज एक माप वाइन प्यायची ठरवली तरी बायकोपुढे फार दिवस टिकत नाही. तेव्हा सभासदांनी पुष्कळशी नाणी तळघरात न नेता बाजारात खर्च केली होती. चांदी चांगली, वाइनची हमी, कोण नाही म्हणणार? आज प्यायला नको असलेले नाणे उद्यासाठी लोक जपून ठेवीत. धुरी दिलेले मासे विकणारीकडे सोळा नाणी होती, धोबिणीकडे सात, कबरी खणणाऱ्या योसकडे पाच. सगळ्यांत जास्त ओटिलिया सुईणीकडे. ती सत्तरीची. श्टॉफल यांच्या बायकोच्या सहाव्या बाळंतपणाचे तिने नऊ मासे घेतले होते, आणि नववा जरा घासलेला आहे म्हणून दहावा.

याचा सुगावा श्टॉफल यांनाही लागला असावा, कारण त्याच संध्याकाळी ते ओटिलियाच्या ओट्यावर हजर झाले. "ओटिलियाबाई, एक मासा उसना द्या हो. सभेची निकड आहे."

"निकड माहितीय तुझी," ती म्हणाली. "तुझ्या सहा पोरांच्या निकडीला मी रात्री धावत आले. झाइनरची बायको वर्षभर दारात उभी होती, तेव्हा कुठे होतास?"

"मी? मी तर रोज हजर होतो!"

"तेच म्हणतेय मी," ओटिलिया म्हणाली आणि दार लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. तेरा माणसे जिना चढून आली : सुईण, मासेवाली, धोबीण, योस, तो न्हावी, पाववाल्याच्या दोघी बहिणी आणि बाकीचे. मूठ मिटलेली. नाणी आल्यापासून गणपूर्तीला तेरा लागतात, हे त्यांना कोणी सांगितले ते मी सांगणार नाही. सरळ जाऊन ते गादीच्या खुर्च्यांवर बसले. सभासद भिंतीला पाठ लावून उभे राहिले. वालबुर्गा दारातच थांबली. तिच्याकडे नाणे नव्हते. तेरा जणांनी आपले द्यायची तयारी दाखवली, ती म्हणाली, "अर्ज माझा आहे. मत तुमचं असू द्या."

मी हजेरी घेतली. "हजर, तेरा."

"हा काय पोरखेळ आहे!" नगराध्यक्ष ओरडले. "माझी हरकत नोंदवा!"

"गैरहजर माणसाची हरकत नोंदवता येत नाही, महाराज."

"मी इथे उभा आहे, दिसत नाही?"

ओटिलिया अध्यक्षांच्या खुर्चीत अंग सावरून बसली. "आइटेल, गप बस बाबा. तुला मी या हातांनी ओढून काढलाय. पायाकडून आलास, नि दीड दिवस उशिरा. तेव्हापासून तुझं हजेरीचं असंच आहे."

भिंतीपाशी कोणीतरी हसले. मला वाटते श्टॉफल.

वाळूचे घड्याळ उलटण्याआधीच ओटिलिया म्हणाली, "चांदीचं राहू द्या. दुसरा विषय काय?" मी अर्ज वाचला. वर्षभरात कागद पिवळा पडला होता, पण अक्षर माझेच, शाबूत होते. "तिला येतं का काम?" ओटिलियाने विचारले. तेरा जणांनी हातातल्या नाण्याकडे पाहिले. माशाचे उघडे तोंड, खवले, शेपटीची बारीक रेघ. तेरा हात वर गेले, तेरा मासे चमकले. वालबुर्गा झाइनर हिला तहहयात कारखाना चालवण्याची परवानगी देण्यात आली. एवढ्या कामात मी लेखणी दोनदाच शाईत बुडवली.

वालबुर्गाने तिथेच बाह्या वर सारल्या आणि जिना उतरली. थोड्या वेळाने रस्त्यापलीकडून हातोड्याचा पहिला घाव ऐकू आला. मला रडू आले. त्याचीही नोंद नाही.

सभा संपली. तेरापैकी कोणी उठेना. धोबिणीने गादी हाताने चाचपून पाहिली. मासेवालीने पाय लांब केले. ओटिलियाने घड्याळातली वाळू थोडा वेळ निरखली आणि मला हळूच विचारले, "टोबिया, पुढची सभा कधी रे?"

तडजोड झाली. आता आमच्याकडे सदतीस सभासद आहेत, वालबुर्गा रोज सदतीस नाणी पाडते आणि तिची काही तक्रार नाही. पहिला विषय चांदी. या वर्षी तोच न्हावी नवीन अर्ज घेऊन आला आहे. खिळे ठोकल्याबद्दल त्याला आता दंड झालेला आहे आणि तो माफ व्हावा असे त्याचे म्हणणे आहे. (तो स्वतःच सभासद असल्यामुळे आपल्या अर्जावर बोलू शकत नाही.) अर्ज मी विषयपत्रिकेवर घेतला आहे. दुसरा.

वाचकहो, तुम्ही हसलात, हे मला इथून दिसते आहे. हसा. पण वालबुर्गाचा अर्ज एक वर्ष आणि एक दिवस पडून होता, हे माझ्याइतकेच तुम्हीही पाहिलेत. "अहो, चांदी राहू द्या, आधी त्या बाईचं बघा," असे तुमच्यापैकी एकही जण म्हणाला नाही. तुम्ही जागेवर बसून राहिलात, मधूनमधून मान डोलावलीत, आता पुढे काय होते याची वाट पाहिलीत, आणि न्हाव्याच्या अर्जावर तर नजरसुद्धा थांबवली नाहीत. सभासद व्हायला आमच्याकडे याहून जास्त काही लागत नाही. तुमची हजेरी मी लावून टाकली आहे. तळघर डावीकडे, पायऱ्या जपून उतरा.